हजार वस्तीच्या गावासाठी सांडपाण्याचे तळे: कोकणपट्टीत ते कसे आखावे आणि सांभाळावे

मुंबईत राहून गावच्या देवळाचा जीर्णोद्धार, शाळेचे छप्पर आणि स्मशानाकडे जाणारा रस्ता यांसाठी वर्गणी जमवणाऱ्या मंडळांपुढे अलीकडे गटाराचा विषय येऊ लागला आहे. नळ घरोघर आले, शौचालये झाली, पण वापरलेले पाणी जायचे कोठे हा प्रश्न मागेच राहिला. सेप्टिक टँकमधून वाहणारे पाणी वहाळात आणि वहाळ खालच्या वाडीच्या विहिरीकडे, अशी स्थिती पुष्कळ ठिकाणी आहे. गोराई-मनोरीकडची गावठाणे किंवा आरेतील पाडे यांसारख्या, शहराच्या मलवाहिनीपासून दूर असलेल्या वस्त्यांनाही हाच प्रश्न आहे. अशा वस्तीला दीडशे-दोनशे घरांमागे एकरभर जागा मिळत असेल, तर स्थिरीकरण तळे, म्हणजे सांडपाणी थांबवून ते आपोआप निवळू देणारे तळे, हा सर्वांत कमी खर्चाने चालणारा उपाय आहे. मात्र तळ्यांचे प्रचलित आराखडे थंडी लक्षात घेऊन केलेले असतात आणि मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या पट्टीत तळे बिघडते ते थंडीने नव्हे, पावसाने. पुढील मार्गदर्शनात पावसाला अधिक जागा दिली आहे ती यासाठी.

प्रथम एक नमुना बाजूला ठेवणे आवश्यक आहे. मुंबईच्या मलनिस्सारणाच्या सात विभागांपैकी वर्सोवा, घाटकोपर आणि भांडुप येथे अनेक वर्षे लगून, म्हणजे सांडपाण्याची मोठी तळी, चालवली गेली आणि आता तेथे नवी केंद्रे उभी राहत आहेत. ती लगून पाण्यात हवा मिसळणाऱ्या यंत्रांवर चालणारी होती. कमी जागेत अधिक पाणी हाताळण्यासाठी महानगराला ते परवडते, पण गावात वीज गेली, मोटार जळाली किंवा बिल थकले की अशा लगूनचे आठवड्याभरात दुर्गंधीचे डबके होते. गावासाठी विजेविना चालणारे, केवळ ऊन आणि वेळ यांवर काम करणारे तळेच घ्यावे.

तळ्याचे काम कसे चालते

सांडपाणी दीड मीटर खोल, रुंद तळ्यात येते तेव्हा त्यातील जड घाण तळाशी बसते आणि तेथे प्राणवायूविना कुजून तिचा बराचसा भाग वायुरूपाने निघून जातो. वरच्या थरात उन्हामुळे सूक्ष्म हिरवे शेवाळ वाढते, ते प्राणवायू सोडते आणि त्या प्राणवायूवर जगणारे जिवाणू पाण्यात विरघळलेली घाण खातात. जिवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड पुन्हा शेवाळाला मिळतो. बाहेरून काही आणावे लागत नाही, मात्र हे सारे संथ गतीने होते, म्हणून पाण्याला तळ्यात दिवसेंदिवस थांबवून ठेवावे लागते.

मुख्य तळ्यानंतर सुमारे एक मीटर खोलीची दोन उथळ तळी ठेवतात. त्यांचे काम रोगजंतू मारण्याचे आहे. उथळ पाण्यात ऊन तळापर्यंत पोचते, दुपारी शेवाळ जोरात असताना पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कतेचे माप) नऊच्या वर जातो, आणि ऊन, पीएच व भरपूर प्राणवायू या तिन्हींच्या एकत्रित परिणामाने विष्ठेतील जंतू झपाट्याने मरतात. जंतांची अंडी जड असल्याने तळाशी बसतात. यंत्राच्या केंद्रात ही दोन्ही कामे साधण्यासाठी क्लोरिन आणि गाळण्या लागतात, म्हणून आरोग्याच्या दृष्टीने तळे यंत्रापेक्षा काकणभर सरसच ठरते.

आधी पाणी मोजावे, मग तळे आखावे

बहुतेक चुका येथे होतात. ग्रामपंचायतीच्या नळयोजनेचा कागदावरील आकडा घेऊन, त्याच्या ८० टक्के सांडपाणी येईल असे धरून आराखडा काढला जातो. जलजीवन मिशनचे प्रमाण माणशी रोज ५५ लिटरचे आहे. पण ज्यांच्या दारात विहीर किंवा बोअरवेल आहे ते त्याहून कितीतरी अधिक वापरतात, आणि गणपतीत व मे महिन्यात चाकरमानी गावी आले की गटार दुप्पट वाहते. गटाराच्या शेवटच्या टोकाला चेंबर बांधून त्यात ९० अंशांची व्ही-खाच असलेली पत्र्याची फळी बसवावी आणि किमान एक पूर्ण आठवडा दर तासाला पाण्याची उंची नोंदवावी. खाचेच्या टोकापासून पाणी साडेपाच सेंटिमीटर उंच वाहत असेल, तर प्रवाह सेकंदाला ०.९ लिटरच्या आसपास, म्हणजे दिवसाला सुमारे ८० घनमीटर असतो. फळी बसवणे शक्य नसेल तर २० लिटरची बादली आणि घड्याळ घ्यावे. एवढ्या प्रवाहाला बादली भरण्यास वीस-बावीस सेकंद लागतात.

दुसरी मोजणी घाणीच्या भाराची. पाण्यातील घाण कुजवण्यासाठी जिवाणूंना लागणारा प्राणवायू बीओडी या मापाने सांगतात. गावाच्या आराखड्यासाठी माणशी रोज ३० ग्रॅम बीओडी धरणे व्यवहार्य आहे. भारतातील प्रयोगशाळा ही चाचणी २७ अंशांवर तीन दिवसांची करतात, तेव्हा पाच दिवसांच्या परदेशी आकड्यांशी तिची तुलना करताना हा फरक ध्यानात ठेवावा. गावात गुरांचा गोठा किंवा तबेला असेल आणि त्याची धुवण गटारात येत असेल तर हिशेब पार बदलतो, कारण एका म्हशीच्या शेणामुताचा भार अनेक माणसांच्या बरोबरीचा असतो. तबेल्याचे पाणी तळ्यात न घेता त्यासाठी वेगळा खड्डा किंवा बायोगॅस संयंत्र करावे, आणि हे तळे खोदण्यापूर्वी ठरवावे. मासळी धुण्याचे पाणी, गॅरेजचे तेल आणि शौचालयात ओतले जाणारे ॲसिड यांनाही तळ्यापासून दूर ठेवावे लागते.

आकाराचा हिशेब

वस्ती १,००० आणि रोजचे सांडपाणी ८० घनमीटर धरू. भार झाला रोज ३० किलो बीओडी. मुख्य तळ्याला पृष्ठभागाच्या प्रत्येक हेक्टरमागे रोज किती भार पेलवेल, यासाठी भारतात अक्षांशावर आधारलेले एक सोपे सूत्र वापरले जाते: ३७५ मधून अक्षांशाची सव्वासहा पट वजा करावी. मुंबई १९ अंश उत्तरेवर आहे, म्हणजे उत्तर येते सुमारे २५६. आपण २५० धरू. तीस किलोला त्यामुळे १,२०० चौरस मीटर पृष्ठभाग लागतो आणि दीड मीटर खोलीला १,८०० घनमीटर पाणी मावते, म्हणजे रोजच्या ८० घनमीटरला साडेबावीस दिवसांचा मुक्काम. पुढील दोन उथळ तळ्यांत प्रत्येकी चार दिवस पाणी थांबवायचे म्हटल्यास प्रत्येक तळे ३२० चौरस मीटरचे होते. तिन्हींचा मिळून पाण्याचा पृष्ठभाग १,८४० चौरस मीटर भरतो. बांध, त्यांचे उतार, फिरण्याची वाट, जाळीचे चेंबर आणि गाळ सुकवण्याची जागा धरून याच्या दुपटीपर्यंत जमीन लागते, म्हणजे एक एकराला थोडी कमी.

मुख्य तळ्याआधी तीन मीटर खोल, प्राणवायूविना चालणारे छोटे तळे घेतले तर भार निम्म्याहून अधिक उतरतो आणि बरीच जागा वाचते. मोठ्या वस्तीसाठी ते योग्य आहे. हजार वस्तीच्या गावाला मात्र ते सुचवू नये असे मला वाटते, कारण उघड्या खोल तळ्याचा वास पहिल्याच वर्षी गावाला योजनेविरुद्ध उभे करतो. शिवाय कोकणात बहुतेक घरांना सेप्टिक टँक असतोच आणि तेच काम तो घरच्या घरी करतो. सेप्टिक टँकनंतरचे निवळलेले पाणी १०० मिलिमीटरच्या साध्या पाइपमधून तळ्यापर्यंत नेता येते, मोठी मलवाहिनी लागत नाही आणि खोदाईचा खर्च बराच उतरतो. अट एकच, टाक्यांतील मैला दर दोन-तीन वर्षांनी उपसला गेला पाहिजे. तो उपसला नाही तर पाइप तुंबतात आणि दोष तळ्याला दिला जातो.

पावसाचा हिशेब

सांताक्रूझच्या वेधशाळेत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी २,२०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे तो याहूनही जास्त असतो. आपल्या १,८४० चौरस मीटरच्या पृष्ठभागावर थेट पडणारे पाणी हंगामात ४,००० घनमीटरच्या वर जाते, म्हणजे रोज सरासरी ३३ घनमीटर. सांडपाण्याच्या ८० घनमीटरमध्ये ही भर पडली की तिन्ही तळ्यांतील एकूण मुक्काम तीस दिवसांवरून बावीस दिवसांच्या आत येतो. इतके तळे सोसते. भार विरळ झालेला असतो, त्यामुळे बीओडीची चिंता नाही. ढगाळ आभाळामुळे जंतू मरण्याचा वेग मात्र मंदावतो, म्हणून पावसाळ्यातील बाहेरचे पाणी उन्हाळ्याइतके निर्धोक समजू नये.

तळ्यावर थेट पडणाऱ्या पावसापेक्षा अधिक त्रास गटारातून येणाऱ्या पावसाचा असतो. दोनशे घरांची सरासरी ६० चौरस मीटर छपरे जोडली गेली तर एका दिवसाच्या १०० मिलिमीटर पावसात १,२०० घनमीटर पाणी जमते, म्हणजे पंधरा दिवसांचे सांडपाणी एका दिवसात. आपल्याकडे असा दिवस दुर्मीळ नसतो. पाणी वेगाने आले की तळाचा गाळ ढवळतो, शेवाळ वाहून जाते आणि पुढे दोन-तीन आठवडे तळे आजारी राहते. त्यामुळे पागोळ्यांचे पाणी, अंगणाचे पाणी आणि रस्त्याकडेची उघडी गटारे यांतील काहीही मलवाहिनीला जोडू नये. हा नियम ग्रामसभेत ठराव करून लेखी घ्यावा, कारण अंगणात पाणी साचले की चेंबरचे झाकण उघडून ते आत सोडण्याचा मोह पहिल्याच आषाढात होतो. तरीही काही पाणी शिरणारच, म्हणून तळ्यात शिरण्यापूर्वीच्या चेंबरमध्ये सांडपाट ठेवावा, जेणेकरून सरासरीच्या तिपटीहून अधिक आलेला प्रवाह तळ्याला वळसा घालून नाल्यात जाईल.

आता अतिवृष्टीचे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तेवढा पाऊस आपल्या तळ्यांवर पडला तर १,७०० घनमीटरहून अधिक पाणी वाढेल, म्हणजे सुमारे बावीस दिवसांचे सांडपाणी. मुंबईची जुनी पर्जन्यजलवाहिन्यांची व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने होती आणि ब्रिमस्टोवॅड प्रकल्पात हे माप ५० वर नेण्यात आले. तळ्याचा मातीचा बांध वरून पाणी गेल्यास तासाभरात फुटू शकतो, म्हणून येथे मी ताशी १०० मिलिमीटर धरण्याचा आग्रह धरीन. एवढ्या पावसाला तळ्यांतून सेकंदाला सुमारे ५० लिटर पाणी बाहेर पडले पाहिजे, आणि रोजचे सांडपाणी सेकंदाला एक लिटरही नसते. रोजच्या प्रवाहासाठी बसवलेला सहा इंची पाइप यास पुरत नाही. प्रत्येक तळ्याला दोन मीटर लांबीचा, दगडी बांधकामाचा स्वतंत्र सांडवा ठेवावा. एवढ्या लांबीवरून ५० लिटरचा प्रवाह सहा-सात सेंटिमीटर उंचीने निघून जातो. सांडव्याच्या वर बांधाची किमान ६० सेंटिमीटर मोकळी उंची ठेवावी आणि ठेकेदाराने ती ३० वर आणण्याची सूचना केली तर ती मान्य करू नये.

जागा

तळे घरांपासून किमान २०० मीटर दूर आणि विहिरींच्या खालच्या अंगाला हवे. पाणी उताराने आपोआप तळ्यात आले पाहिजे. पंप बसवावा लागला तर विजेविना चालणाऱ्या तळ्याचा अर्धा फायदा संपतो. वाऱ्याचाही विचार करावा. किनाऱ्यावर दुपारचा वारा समुद्राकडून, म्हणजे पश्चिमेकडून येतो, त्यामुळे वासाच्या दृष्टीने तळे गावाच्या पूर्वेला हवे, आणि गावाचा उतार मात्र बहुधा पश्चिमेला खाडीकडे असतो. दोन्ही साधत नसतील तर उताराला मान द्यावा आणि अंतर वाढवावे. तळ्याभोवती दाट झाडे लावण्याची सूचना नेहमी येते, पण पाण्यावर ऊन आणि वारा पोचणे आवश्यक असल्याने झाडे कुंपणाच्या बाहेर, सावली तळ्यावर पडणार नाही इतकी दूर लावावीत.

खाडीलगतची खार जमीन मोकळी आणि स्वस्त दिसते, तिच्या मोहात पडू नये. कांदळवनांना किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांनुसार संरक्षण आहे. १,००० चौरस मीटरहून मोठ्या कांदळवनाभोवती ५० मीटरचा पट्टाही त्यात येतो. शिवाय भरतीच्या पाण्याची पातळी तळ्याच्या तळापेक्षा वर असते, आणि तेथे पुढे सांगितलेली अस्तराची अडचण हमखास येते. जागा ग्रामपंचायतीच्या नावे असावी. कोणी सद्भावनेने जमीन देत असेल तर तोंडी शब्दावर न राहता बक्षीसपत्र करून सातबारावर नोंद करून घ्यावी, कारण देणाऱ्याची पुढची पिढी मुंबईत वाढलेली असते आणि तिला तो शब्द ठाऊक नसतो.

माती, बांध आणि अस्तर

जागेवर मीटरभर खोल खड्डा खणून तो पाण्याने भरावा, रात्रभर मुरू द्यावा, पुन्हा भरावा आणि दुसऱ्या दिवशी पातळी किती उतरते ते मोजावे. बाष्पीभवनाचे चार-पाच मिलिमीटर सोडून दिवसाला एक-दीड सेंटिमीटरहून अधिक उतार असेल तर अस्तराशिवाय तळे करू नये. जांभ्याच्या प्रदेशात पाणी बहुतेक ठिकाणी यापेक्षा पुष्कळ वेगाने मुरते. तेथे विनाअस्तर तळे म्हणजे मोठा शोषखड्डा, आणि ते पाणी थेट खालच्या विहिरीत उतरते. मुंबई-ठाण्याकडे काळा पाषाण लवकर लागतो, म्हणून खोदाईपेक्षा बांध उंच करून तळे जमिनीच्या वर घेणे स्वस्त पडते.

तोच खड्डा ऑगस्टअखेर पुन्हा पाहावा. त्यात भूजल किती वर येते हे पाहिल्याशिवाय तळ्याच्या तळाची पातळी ठरवू नये. भूजल तळापेक्षा वर आले तर ते प्लॅस्टिकचे अस्तर खालून उचलते आणि तळ्यातले पाणी कमी असताना अस्तराचे मोठे फुगे पाण्यावर येतात. एकदा असे झाले की सांधे उसवतात आणि दुरुस्ती जवळजवळ अशक्य होते. पावसाळ्यातील भूजलाच्या पातळीच्या वर तळ ठेवणे हा यावरचा सरळ उपाय आहे. जवळपास चांगली चिकण माती असेल तर ती ओलसर करून पंधरा-वीस सेंटिमीटरच्या थरांत रोलरने दाबत अर्धा मीटर जाडीचे अस्तर करता येते, अन्यथा एक मिलिमीटर जाडीचे एचडीपीई प्लॅस्टिकचे अस्तर घ्यावे आणि त्याचे सांधे यंत्राने वितळवून जोडून घ्यावेत. शेततळ्यांसाठी मिळणारा पातळ कागद येथे टिकत नाही.

बांधाचा आतील उतार एकास अडीच ते तीन असा ठेवावा. माथा तीन मीटर रुंद असावा, म्हणजे पुढे गाळ काढण्यासाठी ट्रॅक्टर त्यावरून जाऊ शकेल. पाण्याच्या रेषेवर वर-खाली मिळून अर्ध्या मीटरच्या पट्ट्यात दगडाचे पिचिंग किंवा काँक्रीटच्या फरशा बसवाव्यात. त्याने लाटांची झीज थांबते, आणि काठाला गवत वाढून त्यात डासांची पैदास होणेही टळते. बाहेरील उतारावर गवत लावावे. कोकणात बांधाला खेकडे आणि घुशी बिळे पाडतात, त्यामुळे पहिल्या दोन पावसाळ्यांत आठवड्यातून एकदा संपूर्ण बांधावरून चालत पाहणी करणे सोडू नये.

पाणी आत येण्याची आणि बाहेर जाण्याची तोंडे समोरासमोर ठेवली तर पाणी तळ्याच्या मधून सरळ निघून जाते आणि कागदावरचा बावीस दिवसांचा मुक्काम प्रत्यक्षात पाच-सहा दिवसांचा होतो. ती कर्णरेषेवरील कोपऱ्यांत असावीत आणि तळ्याची लांबी रुंदीच्या दुप्पट-तिप्पट असावी. बाहेर जाणाऱ्या तोंडापुढे आडवी फळी बसवून मुख्य तळ्यातील पाणी सुमारे ६० सेंटिमीटर खालून घ्यावे, म्हणजे वरचा शेवाळाचा दाट थर पुढे जात नाही. उथळ तळ्यांत हीच फळी पाच सेंटिमीटर पुरते. सर्वांत आधी, चेंबरमध्ये, २० ते २५ मिलिमीटर अंतराच्या गजांची जाळी आणि वाळू बसण्याची छोटी हौद हवी. हल्ली सांडपाण्यात कापडापेक्षा प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि सॅनिटरी पॅड अधिक येतात, आणि ते तळ्यात गेले की पुढे गाळ शेतात घालता येत नाही.

परवानगी आणि पैसा

जल प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, १९७४ अन्वये महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. केंद्राच्या २०१७ च्या अधिसूचनेनुसार महानगरांबाहेर बाहेर पडणाऱ्या पाण्याचा बीओडी लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत, तरंगते घनपदार्थ १०० च्या आत आणि विष्ठाजन्य जंतू १०० मिलिलिटरला १,००० च्या आत असावेत. तळ्याच्या पाण्यात शेवाळ असते आणि प्रयोगशाळेत त्याचीही गणना घाणीत होते, म्हणून नमुना पाठवताना गाळलेला आणि न गाळलेला असे दोन्ही बीओडी मागवावेत. दोन्हींतील फरक मोठा असेल तर दोष तळ्याच्या प्रक्रियेचा नसून शेवाळाचा आहे, आणि शेवटी दगडगोट्यांची गाळणी किंवा पाणकणसाचा उथळ वाफा ठेवून तो भागवता येतो. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंतच्या गावांना सांडपाणी व्यवस्थापनासाठी माणशी २८० रुपयांची तरतूद ठेवण्यात आली. हजार वस्तीला ती २ लाख ८० हजार होते आणि अस्तरासह संपूर्ण कामाला अपुरी पडते. मुंबईच्या गावमंडळाच्या वर्गणीची गरज येथे असते, आणि ती बांधकामापेक्षा देखभालीच्या ठेवीत ठेवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते, कारण बांधकामाला सरकारी पैसा कोठून ना कोठून मिळतो, राखणदाराच्या पगाराला मिळत नाही.

सुरुवात करण्याचा महिना

दिवाळीनंतर काम काढून एप्रिलअखेर बांध आणि पिचिंग पुरे करावे. पहिल्या पावसाचे पाणी तळ्यात साठू द्यावे. त्यामुळे अस्तर गळते का हे फुकटात कळते आणि तळाला रान माजत नाही. सांडपाणी मात्र ऑक्टोबरमध्ये, आभाळ मोकळे झाल्यावर सोडावे, आणि तेही पहिल्या आठवड्यात पाव हिस्सा, मग अर्धा, असे वाढवत. तोवर जुनी व्यवस्था चालू राहू द्यावी. कडक उन्हात दोन ते तीन आठवड्यांत पाणी हिरवे होते. उद्घाटनासाठी पाहुणे जूनमध्येच मोकळे असतील, तर नारळ जूनमध्ये फोडावा आणि सांडपाणी ऑक्टोबरमध्येच सोडावे.

राखण

निरोगी मुख्य तळ्याचा रंग हिरवा असतो आणि त्याला फार वास नसतो. राखणदाराने रोज सकाळी रंग पाहून वहीत लिहावा. पाणी करडे-काळे आणि कुजट झाले तर भार वाढला आहे, गुलाबी-जांभळी छटा आली तर तळ्यात प्राणवायू संपून गंधकावर जगणारे जिवाणू माजले आहेत. अशा वेळी कोठून नवे पाणी येते ते शोधावे, पहिला संशय तबेल्याचा आणि लग्नकार्याच्या जेवणावळीच्या खरकट्याचा घ्यावा, आणि काही दिवस थोडे पाणी वळवून तळ्याला विसावा द्यावा. हिरवे पाणी एकाएकी स्वच्छ पारदर्शक झाले तर ते यशाचे लक्षण नसून पाणपिसवांनी (पाण्यातील बारीक जिवांनी) शेवाळ खाऊन टाकल्याचे असते. हा प्रकार सहसा आपोआप निवळतो. जलपर्णी आणि टिकलीसारख्या पानांची तरंगती वनस्पती दिसताच काढावी, कारण त्यांनी पृष्ठभाग झाकला की ऊन आत जात नाही. डासांसाठी काठ स्वच्छ ठेवणे हा मुख्य उपाय आहे. हिवताप विभागाकडून मिळणारे गप्पी मासे उथळ तळ्यांत सोडता येतात, मुख्य तळ्यात पहाटेच्या वेळी प्राणवायू फार उतरत असल्याने ते जगतीलच असे नाही.

राखणदाराला गमबूट, हातमोजे आणि साबण पंचायतीने पुरवावेत, जाळीवरील कचरा पुरण्यासाठी खड्डा द्यावा, आणि भोवती कुंपण व काठावर दोरासह एक रबरी ट्यूब ठेवावी. दीड मीटर पाणी मुलांना बुडवण्यास पुरेसे आहे. तुंबलेल्या चेंबरमध्ये संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवणे, हाताने मैला उपसण्यास बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि चेंबरमधला वायू जीव घेतो. काम बाहेरून बांबूच्या काठीने किंवा सक्शन गाडीनेच व्हावे.

बाहेर पडणारे पाणी नारळ, बांबू, चारा आणि फुलझाडे यांना द्यावे. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना ते घालायचे तर आधी जंतूंची चाचणी सलग काही महिने १,००० च्या आत आली पाहिजे. लोकलच्या रुळांकडेला गटाराच्या पाण्यावर पिकणारी भाजी पाहिलेल्या मुंबईकराला हे समजावून सांगावे लागू नये.

गाळ माणशी वर्षाला जास्तीत जास्त ४० लिटर धरला तर हजार वस्तीचा गाळ ४० घनमीटर होतो आणि १,२०० चौरस मीटरच्या तळ्यात तो सरासरी तीन सेंटिमीटरने चढतो. प्रत्यक्षात तो पाणी आत येण्याच्या तोंडाजवळ अधिक साचतो. दर वर्षी मे महिन्यात काठीला पांढरे फडके गुंडाळून ती तळाशी टेकवावी. फडक्यावर जेथपर्यंत काळा गाळ चिकटतो तेवढी त्याची जाडी. तोंडाजवळचा थर अर्ध्या मीटरवर गेला, किंवा सर्वत्र खोलीच्या एक तृतीयांशापर्यंत आला, की उपसण्याचे ठरवावे. बहुतेक गावांत ही पाळी दहा वर्षांनंतर येते आणि तोवर सरपंच, ग्रामसेवक व मंडळाचे पदाधिकारी बदललेले असतात, म्हणून मोजणीची वही पंचायतीच्या दप्तरात आणि तिची एक प्रत मंडळाकडे असावी. गाळ फेब्रुवारी-मार्चमध्ये काढावा, पसरून कडक उन्हात सुकवावा, आणि जंतांची अंडी मरण्यासाठी किमान एक वर्ष छपराखाली ठेवल्यानंतरच नारळाच्या अळ्यात घालावा.